रेसिंग क्लच घेण्याआधी पांदण रस्ता आठवा

"काका, इंजिन वरडून रायलं, पण गाडी जाऊन नाही रायली."

आष्टीकडच्या एका संत्रा बागायतदाराचा पोरगा सकाळीच माझ्या दुकानासमोर गाडी लावून हे बोलला, आणि बॉनेट उघडायच्या आधीच मला रोग कळला. गाडी स्कोडा लॉरा व्हीआरएस, १.८ टीएसआय, मॅन्युअल. कंपनीतून निघाली तेव्हा १६० पीएस आणि २५० न्यूटन मीटर. महिन्यापूर्वी त्यानं रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममध्ये बदल, करून घेतला होता आणि हातात आलेल्या कागदावर टॉर्क, म्हणजे इंजिनची फिरवण्याची ताकद, ३३० लिहिला होता. इंजिन जवळपास एक तृतीयांशानं तगडं झालं, क्लच होता तोच राहिला. चौथ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली की आरपीएमचा काटा २२०० वरून ३५०० वर जायचा आणि स्पीडचा काटा होता तिथंच.

"वास येते का रे?"

"येते ना काका. जळल्या सुतळीवानी."

या एका गाडीत मी सहा महिन्यांत दोन क्लच बसवले. पहिला माझ्या चुकीच्या निवडीनं, दुसरा नीट विचार करून. पहिल्याचे पैसे मी त्याला परत केले, कारण निवड माझी होती. तुमच्याकडे रिमॅप केलेली पोलो, लॉरा, ऑक्टाव्हिया, लिनिया टी-जेट, कोणतीही जोरदार गाडी असेल, ती रोज रस्त्यावर चालत असेल आणि क्लच बदलायची वेळ आली असेल, तर त्या सहा महिन्यांत मी जे शिकलो ते तुमच्या कामी यावं म्हणून लिहितो आहे.

मी आर्वीत गॅरेज चालवतो. बाबा ट्रॅक्टर दुरुस्त करायचे, मी त्यांच्याच हाताखाली क्लच उघडायला शिकलो. आमच्याकडच्या कितीतरी ट्रॅक्टरांत सिरॅमेटॅलिक पकांची, म्हणजे धातू-सिरॅमिकच्या टिकल्यांची, क्लच प्लेट कंपनीतूनच येते. नांगरटीत, रोटाव्हेटरवर, गळ्यापर्यंत भरलेल्या कापसाच्या ट्रॉलीला ओढताना ती प्लेट वर्षानुवर्षं टिकते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणून पोरानं "काका, कायमचा इलाज करा" म्हटलं तेव्हा मी सहा पकची सिरॅमिक प्लेट, रिजिड हब (म्हणजे प्लेटचा मधला भाग स्प्रिंगांविना) आणि कडक प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारी चकती) असा रेसिंगचा संच मागवला. हायवेवर क्लच एकदम पक्का. घसरणं संपलं. पोरगा खूश, मीही खूश.

तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. कापसाचा सिझन, जिनिंगसमोर ट्रॉल्यांची रांग लागलेली आणि त्या रांगेमागं तो पाऊण तास अडकलेला. गाडी पुढं सरकवली की अख्खी गाडी हादरायची, जणू कुणी मागून धरून झटके देतंय. आई मागच्या सीटवर बसली होती, तिची मान दुखायला लागली. आणि त्याच आठवड्यात त्याच्या वडिलांनी गाडी घ्यायचं सोडून दिलं, कारण क्लचचं पेडल दाबून दाबून त्यांचा डावा गुडघा धरत होता. गाडी घरातल्या एकाच माणसाची होऊन बसली.

त्या दिवशी मला शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आठवला. पटाची जोडी आणि शेताची जोडी वेगळी असते हे आपल्याकडं लहान पोराला कळतं. पटाचा बैल धुरकऱ्यानं नुसता आवाज दिला की सुटतो, काही सेकंद जीव तोडून पळतो आणि मग त्याला विश्रांती. त्याच बैलाला बंडीला जुंपून बाजाराला न्यायचं म्हटलं तर तो बंडीचे तीनतेरा वाजवील. बैलात खोट नसते, काम चुकीचं दिलेलं असतं. रेसिंग क्लचचंही तेच. बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनच्या ६० फेऱ्या व्हायच्या, ३०७ किलोमीटर. एवढ्या शर्यतीत क्लच खरा घासला जातो तो सुटताना आणि पिटमधून निघताना. मी आर्वीच्या बाजाराच्या दिवशी एका किलोमीटरमध्ये किती वेळा क्लच दाबला ते मोजलं. तेवीस वेळा. त्यातला निम्मा वेळ पेडल अर्धवटच होतं.

म्हणून क्लच निवडताना मी आता गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारतो: तुमच्या गाडीचा दिवसातला सगळ्यात हळू किलोमीटर कोणता? समृद्धीवर १२० नं जाणारा किलोमीटर क्लचला काहीच त्रास देत नाही. तिथं प्लेट, प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनला जोडलेलं जड चाक, एकजीव होऊन फिरतात, घासणं शून्य. क्लच झिजतो तो जिनिंगच्या रांगेत, गावातल्या स्पीडब्रेकरवर, आणि शेताकडं जाणाऱ्या पांदण रस्त्यावर. तो किलोमीटर समोर ठेवून निवड करायची आणि मग ती निवड टॉर्कला पुरते की नाही ते तपासायचं. मी उलट केलं होतं.

आधी क्लचच घसरतोय याची खात्री करा

रिमॅपनंतर गाडी ओढत नाही म्हटलं की प्रत्येक जण क्लचकडं बोट दाखवतो. टर्बोचा पाइप निसटला तरी गाडी ओढत नाही, पण तेव्हा आरपीएम वेगाच्या प्रमाणातच राहतो. क्लच घसरला तर आरपीएम एकटाच पुढं पळतो. रिकाम्या सरळ रस्त्यावर चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये १८०० ते २००० आरपीएमवर गाडी आणा आणि पूर्ण रेस द्या. काटा वेगाला सोडून वर गेला तर क्लच घसरतोय. वरच्या गिअरमध्येच का? पहिल्या-दुसऱ्यात इंजिन इतक्या झटकन वर जातं की टॉर्क पुरेसा वेळ टिकत नाही आणि घसरण लक्षातच येत नाही. वरच्या गिअरमध्ये गाडी जड लागते, टॉर्क लांबवर टिकतो, आणि कमजोर क्लच उघडा पडतो. ही परीक्षा एकदाच करा, दोन सेकंदांची. हँडब्रेक ओढून, गिअर टाकून, क्लच सोडून इंजिन बंद पडतं का पाहायची जुनी रीत सोडून द्या. त्या एका परीक्षेत चांगली प्लेटही भाजते.

गिअरबॉक्स खाली घेतल्यावर आणखी एक गोष्ट पाहायची. क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या खोळीत (बेल हाउसिंग) इंजिन ऑइल दिसलं तर क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं, मागचं ऑइल सील गळतंय. तेल पिलेली प्लेट कितीही ताकदीची असो, घसरणारच. अशा गाडीत महागडा क्लच टाकला आणि सील तसंच ठेवलं तर तोही तसाच घसरेल. हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडल सोडल्यावरही दाब अडकून राहतो का, तेही बघा. केबलच्या गाडीत पेडलला थोडी मोकळीक हवीच.

लॉराच्या बाबतीत सील कोरडं होतं. प्लेट हातात घेतली तेव्हा फेसिंगचा, म्हणजे प्लेटवरच्या घासणाऱ्या थराचा, रंग काळपट, वरून चकाकी आलेली, बोट फिरवलं तर काचेसारखं गुळगुळीत. फ्लायव्हीलवर निळसर डाग, रुपयाच्या नाण्याएवढे, सात-आठ. तिथं धातू तापून निळा पडला होता. नखानं तिथं खरवडलं तर काही जाणवत नाही, पण उंचसखलपणा मोजायचा डायल गेज लावला की त्या जागा उंच निघतात. असे डाग असलेल्या फ्लायव्हीलवर नवी प्लेट बसवली तर ती उंचवट्यांवरच टेकते आणि थरथर सुरू होते.

आकड्याची गोष्ट

क्लच किती टॉर्क धरेल हे चार गोष्टींवर ठरतं: घासणाऱ्या बाजू किती, घर्षण किती, प्रेशर प्लेटचा दाब किती, आणि फेसिंगची सरासरी त्रिज्या किती. चारही एकमेकांनी गुणायच्या. एक हिशेब करून दाखवतो. प्लेट २२८ मिलिमीटरची, फेसिंगची आतली गोलाई १५५ ची, म्हणजे सरासरी त्रिज्या साधारण ९६ मिलिमीटर. प्रेशर प्लेटचा दाब ६००० न्यूटन धरा, म्हणजे प्लेटवर सहा क्विंटल कापूस ठेवल्यासारखा. घर्षण ०.३. बाजू दोन. गुणाकार येतो ३४५ न्यूटन मीटर.

आता हीच प्लेट रांगेत उभं राहून तापली आणि घर्षण ०.२२ वर उतरलं, तर धरण्याची ताकद २५३ वर येते. थंड गाडी सकाळी छान पळते आणि दुपारी घसरते त्याचं कारण हे आहे. आपल्याकडं मे महिन्यात ४५ अंश असतं, बोनेटखालची हवा त्याहून गरम, त्यामुळं पुण्या-बंगळुरूच्या हिशेबानं सांगितलेला आकडा इथं मी जरा वाढवूनच घेतो.

क्षमता वाढवायची तर काय काय करता येतं तेही याच गुणाकारातून कळतं. दाब ३० टक्के वाढवला की ३४५ चे ४४९ होतात, पण पेडल जड होतं आणि पेडल दाबताना क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर तेवढाच जास्त रेटा येतो. फेसिंग बदलून घर्षण ०.४ केलं तर ४६० येतात, पेडल हलकंच राहतं, पण पकडण्याची पद्धत कडक होते. दोन प्लेटा बसवल्या, म्हणजे बाजू चार झाल्या, की आकडा थेट दुप्पट. फार मोठ्या टॉर्कला ट्विन प्लेट हा चांगला उपाय आहे, पण तिची किंमत आणि न्यूट्रलमधली खडखड पाहता ४००-४५० न्यूटन मीटरपर्यंतच्या गाडीला मी तिची शिफारस करत नाही.

मग किती क्षमता घ्यावी? इंजिनच्या खऱ्या टॉर्कपेक्षा साधारण पाव हिस्सा जास्त. लॉराचे ३३० होते, त्याला ४१०-४२० चा क्लच पुरतो. त्याच्या दुप्पट घेऊ नका. क्लचची थोडी घसरण ही बाकी ड्राइव्हलाइनची ढाल असते. क्लच कधीच घसरला नाही तर धक्का गिअरच्या दातांना, ड्राइव्हशाफ्टला आणि इंजिन माउंटिंगला बसतो.

आकडा विचारताना दोन ठिकाणी फसगत होते. एक, विकणारा हॉर्सपॉवर सांगतो. क्लचला हॉर्सपॉवरशी देणंघेणं नाही, त्याला टॉर्क कळतो. टर्बो गाडीत टॉर्कचा कळस दोन-अडीच हजार आरपीएमला येतो, घसरणही तिथंच सुरू होते, वरच्या आरपीएमला नाही. दोन, परदेशी कंपन्या फूट-पाउंडमध्ये आकडा देतात. त्याला १.३५६ नं गुणा म्हणजे न्यूटन मीटर मिळतात. ३०० फूट-पाउंडचा क्लच म्हणजे ४०७ न्यूटन मीटर. आणि तो आकडा इंजिनचा आहे की चाकावरचा, हेही विचारून घ्या, कारण चाकावर मोजलेला टॉर्क नेहमी कमी भरतो.

"स्टेज १, स्टेज २, स्टेज ३" या शब्दांवर अजिबात जाऊ नका. त्यांचं कोणतंही सर्वमान्य माप नाही. एका कंपनीचा स्टेज २ दुसरीच्या स्टेज १ एवढाही नसू शकतो. मी आता सरळ विचारतो: किती न्यूटन मीटर, कोणतं फेसिंग, हबला स्प्रिंग आहेत का, दाब कंपनीच्या मूळ प्रेशर प्लेटच्या मानानं किती वाढवला आहे. या चार प्रश्नांची उत्तरं न देणाऱ्याकडून मी माल घेत नाही.

फेसिंग

इथं जरा थांबून वाचा, कारण माझी चूक इथंच झाली.

ऑरगॅनिक फेसिंग म्हणजे कंपनीच्या गाडीत येतं ते. पूर्ण गोल, हळुवार पकडणारं, थरथर न करणारं. त्याचा शत्रू एकच, उष्णता. जास्त तापलं की त्यावर चकाकी येते आणि पकड जाते. चांगल्या प्रतीचं, तांब्याच्या तारा विणलेलं ऑरगॅनिक फेसिंग घेतलं आणि प्रेशर प्लेटचा दाब माफक वाढवला, तर रिमॅप केलेल्या बहुतेक गाड्या त्यातच भागतात.

केव्हलार, म्हणजे ॲरामिड धाग्याचं फेसिंग, मऊ पकडतं आणि फार टिकतं. पण एकदा फार तापलं तर ऑरगॅनिक सावरतं तसं ते पुन्हा सावरत नाही, आणि घासून बसायलाही त्याला जास्त किलोमीटर लागतात. ज्याला हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय आहे त्याला मी ते देत नाही.

सिरॅमिक पक. तीन, चार किंवा सहा टिकल्या प्लेटवर बसवलेल्या. उष्णता त्यांना बाधत नाही, घर्षण जास्त, वजन कमी. पण पकड एकदम. ट्रॅक्टरमध्ये हे का चालतं हे मला नंतर कळलं. ट्रॅक्टरचं पहिलं गिअर इतकं खाली असतं की क्लच झटक्यानं पकडला तरी चाक बोटभरच फिरतं, आणि चालवणारा शेतात एकदा गिअर टाकला की तासभर क्लचला हात लावत नाही. कारच्या पहिल्या गिअरला ती सवलत नाही. शिवाय चांगल्या ऑरगॅनिक प्लेटमध्ये दोन फेसिंगच्या मध्ये पातळ पोलादी पट्ट्या असतात, लाटेसारख्या वाकवलेल्या. क्लच सोडताना त्या हळूहळू दबतात आणि पकड टप्प्याटप्प्यानं येते. माझ्या त्या पकवाल्या प्लेटमध्ये या पट्ट्याच नव्हत्या. मी ती प्लेट परत काढली तेव्हा जुन्या प्लेटशेजारी उभी करून अंगठ्यानं दाबली. जुनी थोडी दबली, नवी दगडासारखी. बसवण्याआधी एवढं केलं असतं तर तो सगळा त्रास टळला असता. प्लेट हातात आली की तुम्ही हे करून बघा.

एका बाजूला ऑरगॅनिक आणि दुसऱ्या बाजूला सिरॅमिक अशा मिश्र प्लेटाही मिळतात. महिन्यातून एकदा ट्रॅकवर जाणाऱ्याला त्या ठीक. बाजार आणि शेत करणाऱ्याला त्यातही थरथर जाणवतेच.

हब आणि फ्लायव्हील

प्लेटच्या मधल्या भागात, म्हणजे हबमध्ये, गोलात बसवलेल्या स्प्रिंगा असतात, त्या इंजिनचे झटके पचवतात. रिजिड हबमध्ये त्या नसतात. रस्त्यावरच्या गाडीला स्प्रिंगवाला हबच घ्या, यात माझं दुसरं मत नाही.

फ्लायव्हीलचा प्रश्न जास्त नाजूक आहे. आजच्या बऱ्याच टर्बो गाड्यांत, विशेषतः डिझेलमध्ये, ड्युअल मास फ्लायव्हील असतं. दोन चकत्या आणि मध्ये लांब स्प्रिंगा. इंजिनची धडधड तिथंच जिरते, म्हणून गाडी खालच्या आरपीएमला गुळगुळीत चालते. पण हे फ्लायव्हील महाग असतं, आणि खालच्या आरपीएमला भरपूर टॉर्क सोडला की त्याच्या स्प्रिंगा शेवटपर्यंत दबून ठोके मारतात. मग बरेच जण ते काढून एकसंध, हलकं सिंगल मास फ्लायव्हील टाकतात. हलकं फ्लायव्हील म्हणजे रेस दिली की इंजिन झटकन वर येतं, हे खरं. पण न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडतो, पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवल्यासारखा, आणि चढावर गाडी उचलताना इंजिन बंद पडायची भीती वाढते. चिखलदऱ्याच्या घाटात वळणावर समोरून बस आली आणि थांबून पुन्हा उचलायची वेळ आली की फ्लायव्हीलचं वजन किती उपयोगी असतं ते कळतं.

माझी पद्धत अशी. ड्युअल मास चांगलं असेल तर तेच ठेवतो. हातानं डावी-उजवीकडं फिरवून मोकळीक आणि हलवून डगमग पाहतो, कंपनीच्या मर्यादेत असेल तर पुन्हा बसवतो, नसेल तर नवं. सिंगल मास टाकायचंच असेल तर पोलादी, फार न हलकं, आणि प्लेट हमखास स्प्रिंगवाल्या हबची, कारण आता सगळे झटके तिलाच पचवायचे आहेत. सिंगल मास आणि रिजिड हब ही जोडी रोजच्या गाडीत कधीच नको.

घरातली माणसं

एक प्रश्न कुणीच विचारत नाही: ही गाडी घरात अजून कोण चालवतं? पेडलचा जडपणा आकड्यात सांगता येतो, पण पासष्ट वर्षांच्या गुडघ्याला ते कळत नाही. शक्य असेल तर तोच क्लच बसवलेल्या कुणाच्या तरी गाडीत आधी वीस मिनिटं बाजारातून फिरा, आणि वडिलांना किंवा बायकोलाही चालवायला द्या. त्यांनी नको म्हटलं तर तो क्लच घेऊ नका.

आणि रिमॅपबद्दल एक गोष्ट. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवून दिलेल्या तपशिलांपेक्षा आरसीवरची गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. क्लच प्लेट हा झिजणारा भाग, तो बदलला म्हणून कुणी अडवत नाही. पण इंजिनमध्ये बदल केला असेल तर विमा कंपनीला लेखी कळवून ठेवा. अपघातानंतर ते कळवण्यात काही अर्थ नसतो.

लॉरात शेवटी काय बसवलं

२२८ च्याच मापाची, पूर्ण गोल, तांब्याच्या तारांची ऑरगॅनिक प्लेट. स्प्रिंगवाला हब. प्रेशर प्लेटचा दाब मूळच्या मानानं थोडा वाढवलेला, बनवणाऱ्यानं लिहून दिलेली क्षमता ४२० न्यूटन मीटर. डाग पडलेलं ड्युअल मास टाकून नवं ड्युअल मास. पेडल मूळच्यापेक्षा किंचित जड, पण वडील आता पुन्हा गाडी घेतात.

बसवताना गिअरबॉक्स एकदा खाली आला की मजुरी तीच असते, म्हणून रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं सील आणि फ्लायव्हीलचे बोल्ट नवेच घ्या. अनेक गाड्यांत हे बोल्ट ताणून बसवायचे असतात, ते एकदाच वापरायचे. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकदम एका बाजूनं कसू नका. समोरासमोरचे, दोन-दोन आटे, टॉर्क रेंच लावून. नव्या फ्लायव्हीलवर गंज येऊ नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो, तो ब्रेक क्लीनरनं पुसून काढा. हबच्या खाचांना उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पुसल्यासारखं लावा, जास्त लावलं तर ते उडून फेसिंगवर जातं. प्लेटवर फ्लायव्हीलकडची बाजू लिहिलेली असते, ती उलटी बसली तर क्लच सुटणारच नाही. एका तरुण मेकॅनिकनं माझ्याकडं तसं केलं होतं, आणि गिअरबॉक्स पुन्हा खाली घ्यावा लागला होता.

मग ८०० किलोमीटर. हे किलोमीटर समृद्धीवर काढलेले चालत नाहीत. मी त्या पोराला स्पष्ट सांगितलं, "नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटर एका दमात गेला तरी तुझा क्लच घासला जात नाही, कारण तो तिथं दाबलाच जात नाही." फेसिंग बसण्यासाठी वारंवार, हलक्या हातानं पकड-सोड लागते. गावातून, बाजारातून, शेतातून. पूर्ण रेस नाही, जोरात सुटणं नाही, मागं ट्रॉली नाही.

जोरात सुटण्याबद्दल एक हिशेब डोक्यात ठेवा. माणसांसकट १५०० किलोची गाडी उभ्या जागेवरून क्लच घासत १५ किलोमीटर वेगाला पकडली, आणि तोवर इंजिनचा आरपीएम एकसारखा राहिला, तर क्लचमध्ये साधारण १३ हजार ज्यूल उष्णता जाते. तीच गाडी रेस करून ४५ पर्यंत क्लच घासत नेली तर १ लाख १७ हजार. वेग तिप्पट, उष्णता नऊपट. सिग्नलवर दोस्ताला हरवायच्या एका सुटण्यात क्लचचे दहा दिवस जातात, असं मी पोरांना सांगतो.

८०० किलोमीटर झाल्यावर आम्ही दोघं तळेगावच्या सत्याग्रही घाटात गेलो. चौथा गिअर, २००० आरपीएम, पूर्ण रेस. दोन्ही काटे सोबत चढले. परत येताना बाजारातून आणली, पेडलवर पाय अलगद सोडला, गाडी धक्क्याविना निघाली. पोरगा काही बोलला नाही, नुसता हसला.

आता पावसाळा. पांदण रस्त्यावर काळी माती टायरला बिलगली आणि गाडी रुतली, तर हाफ क्लचवर पुढं-मागं झुलवू नका. चाक एक वीतही जात नाही आणि इंजिनची बरीचशी ताकद प्लेटमध्ये उष्णता होऊन साठते. कितीही चांगला क्लच असला तरी अशा दहा मिनिटांत त्याचं आयुष्य संपतं. वास आला की लगेच थांबा, न्यूट्रल करा, क्लचवरून पाय काढा आणि इंजिन चालू ठेवून तासभर थंड होऊ द्या. तोवर शेजारच्या शेतातल्या भाऊला ट्रॅक्टर घेऊन बोलवा. गाडीच्या टूलकिटमध्ये स्क्रूनं बसवायचा टो हुक असतो, तो पावसाळ्याआधी एकदा शोधून ठेवा.